तांदळाच्या डब्यातली गोळी : भिंतीपलीकडच्या दादांना खुले पत्र

ह्यूस्टन, टेक्सस

दादा,

‘सप्रेम नमस्कार’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. आधी डब्याबद्दल बोलू.

गेल्या महिन्यात, रविवारी संध्याकाळी, तुमच्या बेडरूममधून सुटलेली ९ मिलिमीटरची गोळी आपल्यामधली भिंत भेदून आमच्या पँट्रीत आली आणि आंबेमोहोराच्या डब्यात रुतली. माझी बारा वर्षांची मुलगी त्याच डब्यातून दोन वाट्या तांदूळ काढून नुकतीच नळाकडे वळली होती. डब्याचं भोक तिच्या छातीच्या उंचीवर आहे, हे कळायला मला टेप लागली नाही. पोलिसांनी तांदूळ परातीत ओतून गोळी काढली. दोन्ही बाजूंच्या जिप्सम बोर्डातून आणि स्टीलच्या पत्र्यातून येऊनही तिचं टोक जवळपास तसंच गोल राहिलं होतं.

हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवता आलं असतं. ते उघड लिहिते आहे, कारण ग्रीन कार्ड हातात आल्यावर पिस्तूल घेतलेली मराठी घरं माझ्या ओळखीतच चार आहेत, आणि तुम्ही मला जी उत्तरं दिलीत तीच उत्तरं त्या चारही घरांत तयार आहेत. म्हणून ती एकेक करून तपासते.

तुमचं पहिलं उत्तर : “मॅगझिन काढलं होतं, वहिनी.” काढलं होतं, पण केव्हा? आधी तुम्ही स्लाइड मागे ओढलीत, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस आत घेऊन गेली, आणि त्यानंतर तुम्ही मॅगझिन काढलंत. मग साफसफाईसाठी पिस्तूल उघडायचं म्हणून चाप ओढलात, कारण तुमच्या पिस्तुलाची रचनाच तशी आहे. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं, हा क्रम पहिल्याच धड्यात शिकवतात. खंडेनवमीला तुम्ही त्या पिस्तुलावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलंत. मी तिथेच होते, प्रसादाचे पेढेही खाल्ले. शस्त्राची पूजा करणाऱ्याने त्याच्या पोटात काय आहे ते बघितलं नाही, तर त्या हळदकुंकवाला अर्थ काय राहिला?

दुसरं उत्तर : “दुकानात हीच गोळी स्वस्त होती.” खरं आहे. संपूर्ण तांब्याचं आवरण असलेल्या, गोल टोकाच्या गोळ्यांच्या एका खोक्याच्या पैशांत हॉलो पॉइंटच्या, म्हणजे पोकळ टोकाच्या, बऱ्याच कमी गोळ्या मिळतात. पण गोल टोकाची गोळी स्वस्त आहे ती सरावासाठी. नेमबाजीच्या रेंजवर तिच्यामागे गोळी अडवणारा बांध असतो. ती साडेसात ग्रॅमची असते, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि मऊ देहात शिरल्यावर आकार बदलत नाही. माणसाच्या शरीराच्या जागी तपासणीसाठी जे बॅलिस्टिक जिलेटिन वापरतात, त्यात ती दोन फूट सहज जाते. माणसाची छाती दोन फूट जाड नसते. म्हणजे तुमच्या घरात खरोखर चोर शिरला असता, तुमचा हात थरथरला नसता आणि नेम अचूक लागला असता, तरीही ती गोळी चोराच्या पाठीतून बाहेर पडून पुढे निघाली असती. पुढे आमचं स्वयंपाकघर आहे. दोन खोक्यांमागे वाचवलेल्या डॉलरांच्या हिशेबात माझ्या मुलीची किंमत तुम्ही किती धरली होती?

तिसरं उत्तर तुम्ही मान ताठ करून दिलंत : “हॉलो पॉइंट क्रूर असते, युद्धातही तिच्यावर बंदी आहे. मी माणुसकी पाळली.” या उत्तराने मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ते अर्धं खरं आहे. ज्या गोळीवरून ही बंदी आली, ती आपल्याच देशात तयार झाली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात, १८९० च्या दशकात, कॅप्टन बर्टी-क्ले या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनली. आज ज्या दमदमच्या विमानतळावर आपण उतरतो, तेच हे गाव. वायव्य सरहद्दीवरचे पठाण साध्या गोळीने थांबत नाहीत अशी इंग्रजांची तक्रार होती, म्हणून ही गोळी १८९७ च्या तिराह मोहिमेत त्यांच्यावर वापरली गेली. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा, शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला, तेव्हा सर जॉन अर्डा यांनी ब्रिटनच्या वतीने विरोध केला. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे फिरतो, ‘रानटी’ माणूस मात्र धावून येतच राहतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनने तो जाहीरनामा मानला तो १९०७ साली. त्या युक्तिवादातला ‘रानटी’ म्हणजे कोण, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तेव्हा दमदमची चीड मलाही आहे, दादा. पण ती बंदी युद्धापुरती आहे. रणांगणावर सैनिकाच्या मागे सैनिकच असतो. शहरात निशाण्याच्या मागे भाजीवाला असतो, बसची वाट बघणारी बाई असते. म्हणूनच न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने १९९८ साली गोल टोकाच्या गोळ्या सोडून हॉलो पॉइंट घ्यायचं ठरवलं. आरपार गेलेली गोळी वाटेवरच्या माणसाला लागते, हे त्यामागचं मोठं कारण होतं. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरली की त्या पोकळीत द्रवाचा दाब येतो, कडा पाकळ्यांसारख्या उलगडतात, तिचा व्यास साधारण दीडपट होतो आणि ती लवकर मंदावते. ती ज्याला लागते त्याच्यासाठी भयंकर आहे, यात शंका नाही. पण ज्याच्यावर गोळी झाडायची वेळ आलीच, त्याच्या देहात ती थांबावी आणि त्याच्या मागच्या निरपराध माणसापर्यंत पोचू नये, हीच इथली माणुसकी आहे. तुम्ही भूतदया दाखवलीत ती मनातल्या चोरावर. भिंतीपलीकडची जिवंत माणसं तुमच्या हिशेबात आलीच नाहीत.

आता चौथं. त्यामुळेच खरं तर मी लिहायला बसले. गेल्या शनिवारी पार्किंगमध्ये तुम्ही मला नवं खोकं दाखवलंत आणि म्हणालात, “आता हॉलो पॉइंट आणल्यात, वहिनी. भिंतीतून यायच्या नाहीत. निर्धास्त राहा.”

मी निर्धास्त नाही. तुम्ही जे सांगितलंत ते चूक आहे, आणि त्या चुकीवर विसंबून तुम्ही पुन्हा निष्काळजी व्हाल याची मला भीती वाटते.

चूक का, ते समजायला थोडं मागे जाऊ. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एका एजंटची ९ मिलिमीटरची हॉलो पॉइंट गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, पण तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. बंदुकांचा दुकानदार ज्या ‘स्टॉपिंग पॉवर’च्या, म्हणजे माणसाला जागीच थांबवणाऱ्या ताकदीच्या, गप्पा मारतो ना, तिचं खरं रूप हे असं आहे. पिस्तुलाची गोळी माणसाला सिनेमातल्यासारखी उडवून लावत नाही. ती मर्मस्थानापर्यंत पोचली तरच उपयोगी पडते. म्हणून त्या घटनेनंतर एफबीआयने गोळ्यांची तपासणी नव्याने बांधली. जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच गेलीच पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये, असं माप ठरलं. नुसत्या जिलेटिनवर भागत नाही. जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, मोटारीची काच आणि भिंतीचा जिप्सम बोर्ड यांच्या आडूनही ती झाडून बघतात.

जिप्सम बोर्ड! आपली भिंत त्याचीच आहे : लाकडी चौकट, दोन्हीकडे बोर्ड आणि मधे पोकळी. पुण्यातल्या तुमच्या वाड्याची दगडविटांची भिंत डोळ्यांपुढे ठेवून इथे राहू नका. बोर्डातून जाताना हॉलो पॉइंटची पोकळी जिप्समच्या चुऱ्याने भरते, मग ती उलगडतेच असं नाही, आणि पलीकडे निघते ती जवळपास तुमच्या जुन्या गोळीसारखीच. ज्या गोळीत माणसाच्या मर्मापर्यंत जाण्याची ताकद आहे, तिला आमची पँट्री अडवू शकत नाही. हॉलो पॉइंट निवडणं योग्यच आहे. लागलेली गोळी देहात थांबावी म्हणून ती निवडायची. चुकलेल्या किंवा हातून सुटलेल्या गोळीवर जगातल्या कुठल्याही खोक्यात उपाय नाही.

तो उपाय तुमच्या मनगटात आहे. जेफ कूपर नावाच्या मरीन अधिकाऱ्याचे चार नियम पिस्तूल हाताळायला शिकवणाऱ्या इथल्या पुष्कळ वर्गांत शिकवतात. त्यातला शेवटचा असा : निशाणा ओळखा आणि त्याच्या मागे काय आहे तेही ओळखा. तुम्हाला निशाण्याचीच काळजी होती. मागचं मी सांगते.

पण त्याआधी माझ्या मागण्या. एक, पिस्तूल हाताळायचा तुमचा वर्ग पुरा करा. अर्ध्यात सोडलात हे वहिनींनी मला सांगितलं आहे. दोन, ज्या गोळ्या घरी ठेवणार, त्यातल्याच काही रेंजवर तुमच्याच पिस्तुलातून झाडून बघा. पोकळ टोकाची गोळी काही पिस्तुलांत चेंबरमध्ये जाताना अडकते, हे मध्यरात्री कळून उपयोग नाही. तीन, तेच ते काडतूस रोज चेंबरमध्ये घालून काढू नका. हळूहळू गोळी काडतुसात मागे दबते आणि बार उडताना आतला दाब धोकादायक वाढू शकतो. चार, पिस्तूल कुलपाच्या पेटीत ठेवा. तुमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे, आणि निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल मुलाच्या हाती लागलं, तर टेक्ससच्या कायद्यानेही तो गुन्हा ठरतो. पाच, साफसफाईच्या वेळी नळी बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे, खाली धरा, आमच्याकडे नको. रिकामं आहे अशी खात्री झाल्यावरसुद्धा नको.

आणि सहावी. एक कोरा कागद घ्या. मधोमध तुमचा पलंग काढा आणि चारही बाजूंना कोण झोपतं ते नावानिशी लिहा. घराचा क्रमांक लिहू नका, नाव लिहा. मी सुरुवात करून देते. डावीकडे आम्ही तिघं. माझी मुलगी भिंतीला पाठ लावून वाचत बसते, रात्री साडेदहापर्यंत. उजवीकडे ग्वातेमालाच्या आजी, दिवाळीला तुमच्याकडच्या चकल्या मागून नेतात त्या. वरच्या मजल्यावर ते नवं जोडपं, त्यांचं बाळ तीन महिन्यांचं आहे. बाळाचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर वर जाऊन विचारा.

तो कागद पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पेटी उघडताना आधी ती नावं वाचायची, मग पिस्तुलाला हात लावायचा. तो कागद मला दाखवलात की मी चहा टाकीन आणि वर खोडलेला सप्रेम नमस्कार तुम्हाला तोंडाने करीन. तांदळाचा डबा मात्र मी बदलणार नाही. भोक पडलेल्या बाजूने तो पँट्रीत तुमच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

तुमची,
भिंतीपलीकडची वहिनी