अर्ध्यावर ठेव

पाण्यावर स्कूटर चालवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते ऐन जुलैत, पेट्रोल भरताना. रेनकोटाच्या गळ्यातून शिरलेलं पाणी चपलेतून बाहेर पडत होतं, आणि मी दोनशे रुपये देऊन दोन लिटरसुद्धा न भरणारं पेट्रोल घेत होतो. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं इंधन गटारातून फुकट समुद्राला मिळतंय हे बघून कोणाही सच्च्या कोकण्याचा जीव कळवळेल.

भाचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, "मामा, पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन नि ऑक्सिजन सुटतात. इंग्लंडात १८०० सालीच करून बघितलंय."

"मग सव्वादोनशे वर्षं लोक झोपले होते काय रे?" मी विचारलं. प्रश्न फार चांगला होता. उत्तरासाठी थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी तोवर लोहचुंबक घेऊन स्वयंपाकघरात शिरलो होतो. चुंबक चिकटलं नाही की स्टील चांगलं, एवढी माहिती कुठूनशी मिळाली होती. (त्यावरून ३०४ आणि ३१६ यांतला फरक मुळीच कळत नाही, हे नंतर समजलं. तोवर सात डब्यांची झाकणं कापून झाली होती.)

"अहो, पावसाचे दिवस आहेत. पापड सादळतील," ही म्हणाली. विज्ञानाला घरातून झालेला हा पहिला विरोध.

शुद्ध पाण्यातून वीज धड जात नाही. म्हणून भाच्याने भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅनभर समुद्र आणला. बुडबुडे झकास आले. त्यांच्याबरोबर पोहण्याच्या तलावासारखा क्लोरीनचा वास आला, आणि दहा मिनिटांत बरणीत कुळथाच्या पिठल्यासारखं काहीतरी तयार झालं. मिठातला क्लोरीन मोकळा होऊन स्टील खात होता. खारं पाणी बाद. मग पावसाचं पाणी आणि चमचाभर कॉस्टिक पोटॅश.

आता खरी गंमत. झाकणांच्या दोन पट्ट्या थेट बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. पाणी फुटायला लागतात सव्वा व्होल्ट, फार तर दोन. उरलेल्या दहांनी पाणी तापायला लागलं. तापलं की जास्त करंट ओढतं, जास्त करंटने आणखी तापतं. आमच्या भावकीत बांधाचं भांडण चढतं तसंच. शेवटी फ्यूज मध्ये पडला नि जळाला.

सगळ्या पट्ट्या एकापुढे एक लावून सहा खणांचा सेल केला नि व्होल्ट वाटून दिले, पण करंटला लगाम हवाच होता. तो म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर. हा प्रकार कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. आमचा पाऊस तसाच पडतो. सर येते तेव्हा पूर्ण येते. थांबते तेव्हा लख्ख. अर्धा पाऊस असं काही नसतं. आषाढात सर लांब आणि उघडीप टीचभर, श्रावणात दोन्ही सारखी. कंट्रोलर हेच सेकंदाला हजार वेळा करतो, आणि बटण फिरवून तुम्ही आषाढाचा श्रावण करता. सरी मोजतो तो ५५५ नावाचा आठ पायांचा किडा. हान्स कामेंझिंड नावाच्या स्विस इंजिनिअरने १९७१ साली त्याचा आराखडा केला. आजही दहा-वीस रुपयांत मिळतो. त्याच्या हुकमाने मॉस्फेट नावाचा स्विच करंट सोडतो नि तोडतो. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असला की तो थंड असतो. मध्येच रेंगाळला की भाजून निघतो. सोल्डर करताना माझे दोन मॉस्फेट आणि एक बोट गेलं. बोट परत आलं.

तिसऱ्या खेपेला जमलं. काटा आठ अँपिअरवर असा स्थिर, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. बोलवायला नको होतं, कारण भाच्याने वाटीभर साबणाच्या फेसात तो वायू भरला आणि लांब काठीला मेणबत्ती बांधून टेकवली. फणसावरचे कावळे उडाले ते संध्याकाळी परतले. पलीकडच्या काकू गडग्यावरून ओरडल्या, "सिलिंडर गेला काय गो तुमचा?" वाटी सापडली नाही. त्यानंतर काडेपेटी आईच्या ताब्यात आहे.

त्या रात्री भाच्याने वहीत हिशोब मांडला. सहा खणांतून आठ अँपिअरने मिनिटाला अर्धा लिटर वायू. माझ्या स्कूटरचं इंजिन जोरात असताना मिनिटाला दीडशे लिटर हवा ओढतं. आपण घालतो ९६ वॅट, वायूत उतरतात जेमतेम ७०, आणि इंजिनातून चाकाला मिळणार फार तर पंधरा-वीस. आणि ते ९६ वॅट तरी कुठून येणार? त्याच पेट्रोलमधून. आंब्याच्या पेट्या शंभरला घेऊन वीसला विकायच्या, असा हा धंदा.

"पण अमेरिकेत एकाने पाण्यावर गाडी चालवली होती!" मी म्हटलं. स्टॅन्ली मेयर. त्याचा भर होता विजेच्या खास ठोक्यांवर. भाचा म्हणाला, वायू किती निघणार ते किती वीज वाहिली त्यावर ठरतं, हे फॅरेडेने १८३४ मध्येच सांगितलंय. ठोके कसेही द्या. मेयरला ओहायोच्या कोर्टाने १९९६ साली फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच साली आपल्याकडे तमिळनाडूच्या रामर पिल्लेंचं वनस्पतींपासूनचं पेट्रोल गाजत होतं. त्यांना शिक्षा व्हायला २०१६ उजाडलं. मी झाकणं सोडून कोणाचं काही घेतलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

सेल माळ्यावर गेला. कंट्रोलर मात्र टाकवेना. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी बरोबर झालं होतं. पावसात आमच्या न्हाणीघरातल्या बंबाची ओली लाकडं पेटत नाहीत. आई फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घेते. जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा बंबाच्या तोंडाशी बसवला आणि त्याला कंट्रोलर जोडला.

आता रोज पहाटे बटण फिरवणं माझ्याकडे आहे. आई मागे उभी राहून सांगते, "अर्ध्यावर ठेव मेल्या, सगळी राख उडवशील."

परवा आंघोळीला जाताना हिने विचारलं, "म्हणजे शेवटी पाणी जाळायचं सोडून तापवायला लागलात तर?" आणि झाकणांचं काय, तेही विचारलं.