करंटकाका

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत करंटकाकांशी बोलायचं, तर ५० सेकंदांत उरकावं लागतं. पुढचे १० सेकंद त्यांच्या मांडीचे. बोलता बोलता काका गप्प होतात, खुर्चीचे हात घट्ट धरतात, चेहऱ्यावर दाढ उपटतानाचे भाव येतात आणि अर्ध्या चड्डीखालचा स्नायू टरारून उठतो. मांडी सैल पडली, की "तर काय सांगत होतो," म्हणून गाडी पुढे चालू. १० सेकंद करंट चालू, ५० बंद, एकूण १० मिनिटं: हे माप सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांचं. खेळाडूंची ताकद यानं ४० टक्क्यांपर्यंत वाढते, असं त्यांनी १९७७ साली माँट्रियलला सांगितलं. तेवढी वाढ पुढे इतरांच्या हाती फारशी लागली नाही. पण काकांना कोट्स पुरेत.

सुरुवात रीतसर झाली होती. बॅडमिंटन खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू रुसतो, मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही; म्हणून बाहेरून करंट देऊन त्याला कामाला लावतात. फिजिओबाईंनी एक पॅड मांडीवर वरच्या बाजूला, दुसरं वाटीच्या वर आतल्या अंगाला चिकटवलं आणि बजावलं, "करंट आला की तुम्हीही जोर लावायचा." त्यातला करंट काकांनी घरी आणला. जोर फिजिओबाईंकडेच राहिला.

आता मशीन स्वतःचं आहे. लोक किती किलोमीटर पळाले ते सांगतात, काका मिलिअँपिअर सांगतात. "आज ६० घेतले!" धावपटू बेन जॉन्सनचा कोचही हेच वापरायचा, सोल ऑलिंपिकला १९८८ साली १०० मीटर ९.७९ सेकंदांत, हे ते रंगवून सांगतात. त्या शर्यतीचं पदक तीन दिवसांत का काढून घेतलं, तिथे नेमका करंट येतो.

आपण जोर करतो तेव्हा स्नायूतले तंतू आळीपाळीनं राबतात. करंट मात्र पॅडखालच्या त्याच त्याच तंतूंना एकदम जुंपतो, म्हणून स्नायू लवकर थकतो. हे मी एकदा सांगून पाहिलं. "थकतो ना? मग व्यायाम झालाच की!" यावर काय बोलणार?

काकूंनी मात्र मधले ५० सेकंद वाया जाऊ दिलेले नाहीत. मटाराची परात त्या काकांच्या पुढ्यात ठेवतात. निम्मे दाणे टीपॉयखाली सापडतात, ते वेगळं.

परवा लिफ्ट बंद होती. पेपरवाला चार जिने चढून आला, धापसुद्धा नाही. काकांनी खाली वाकून त्याची पोटरी चाचपली. "फार आखडलीय रे. मशीन लावत जा."

"लावतो काका. तेवढं बिल..."

काकांनी डोळे मिटून खुर्चीचे हात धरले. पेपरवाला मोबाइलमध्ये बघत मोजून १० सेकंद थांबला आणि पावती पुन्हा पुढे केली.

"दोन महिन्यांचं आहे."