अकरा महिन्यांचं वर्ष

बदलापुरात भाड्याचं घर बघायला गेलात की एजंट सांगतो, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं.’ कशाने, हे विचारू नये. शेअर रिक्षात ड्रायव्हरला चिकटून अर्धा बाहेर लटकणारा चौथा प्रवासी असतो, त्याच्या घड्याळाने असावं.

खरी गंमत कराराची. साऱ्या जगाचं वर्ष बारा महिन्यांचं, भाडेकरूचं अकरा. का, तर वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908च्या कायद्याने नोंदणी लागते. ती कटकट नको. पुढे महाराष्ट्रात 1999चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी करून नोंदवणं सक्तीचं झालं. पळवाट बुजली, महिने अकराच राहिले. नूतनीकरणाच्या वेळी एजंट पुन्हा दलाली मागतो, हा निव्वळ योगायोग.

मग सोसायटी. घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच जादा आकार घेता येतो, अशी सरकारने मर्यादा घातली आहे. भाडेकरूला विचारायच्या प्रश्नांना मर्यादा नाही. मासे खाता का, पाहुणे किती येतात, लग्न कधी करताय? एकट्याला सेक्रेटरीकाका म्हणतात, ‘आम्ही फॅमिलीलाच देतो हो.’ फॅमिली आली की तेच काका विचारतात, ‘मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणार नाहीत ना?’

घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतात. तो रंग पुढच्या भाडेकरूला कुठेच दिसत नाही. जाताना त्याचेही कापतात.