स्वयंपूर्ण टपाल

जव्हारमधल्या पाच संगणकांच्या एका कार्यालयाने ई-मेलसाठी स्वतःचा सर्व्हर बसवला, त्याबद्दल त्याचं जाहीर अभिनंदन. आपली पत्रं परक्याच्या यंत्रात का ठेवायची? एकेकाळी संस्थान असलेल्या गावाला हा बाणा शोभतोच. सर्व्हर फायलींच्या कपाटावर विराजमान आहे. छत गळतं, म्हणून त्याला इरलं घातलंय. (हो, आवणीला घालतात तेच.) सुरक्षा अभेद्य: पावसाळ्यात लाइनच नसते, त्यामुळे व्हायरसलाही घाट चढता येत नाही.

ई-मेलचे आंतरराष्ट्रीय नियम तर जणू शेजारच्या मोखाड्याची लाइन पाहूनच लिहिलेत. समोरचा सर्व्हर उत्तर देत नसला, तरी पाठवणाऱ्याने चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत, असं त्यांत म्हटलंय. एवढा धीर एसटी स्टँडवरही दिसत नाही. पुढच्या टप्प्यात प्रत्येक टेबलाला स्वतंत्र सर्व्हर द्यावा. शेजारच्या टेबलाचं पत्रही मग रीतसर चौथ्या दिवशी येईल. तूर्त मोखाड्याला शिपाई पेनड्राइव्ह घेऊन जातो.

सर्व्हरवरून गेलेला पहिला ई-मेल वीज गेल्याच्या तक्रारीचा होता. वीज येताच तो तातडीने रवाना झाला.