ओल्या भिंतीला रंग लावण्याचा शास्त्रोक्त विधी

प्रथम मुहूर्त. बारामती-इंदापूर पट्ट्यात भिंत रंगवण्याचे मुहूर्त दोनच. उसाचं बिल खात्यावर पडलं तो एक, नाहीतर घरात लग्न ठरलं तो दुसरा. भिंत वाळली आहे का, हा प्रश्न कुठल्याही पंचांगात नाही.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथल्या भिंतीला बुरशी येते म्हटल्यावर कोकणातले पाहुणे हसतात. त्यांना मे २०२५ सांगावा. महिनाअखेरीस असा पाऊस कोसळला की बारामती-इंदापुरात एनडीआरएफची पथकं आली आणि पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाणी ओसरलं, पंचनामे झाले. काळे ठिपके मागाहून, सावकाश आले.

आता कृती. डाग दिसताच त्यावर दिनदर्शिका टांगावी. डाग वाढल्यास शेजारी साखर कारखान्याची टांगावी. तीही पुरेना, तर लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून उभं करावं. कपाटामागे हवा खेळत नाही. बुरशीला एकांत मिळतो आणि ती यथावकाश आतल्या पैठणीची विचारपूस करायला येते.

पाहुणे उद्यावर आले असतील तर डागावरच ऑइलपेंटचे दोन हात मारावेत. त्यातून वाफ बाहेर पडत नाही, सबब पाणी आतच कोंडतं. पाण्याबरोबर वर चढलेले क्षार रंगामागे खडे धरतात, फुगतात, आणि सत्यनारायणाच्या आत पोपडे प्रसादात पडतात. कालव्याखालच्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. १८८५ च्या सुमारास आलेल्या या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि पाणी जास्त झालं तिथे जमीन क्षारपड झाली. तोच लोणा जोत्यावरून भिंतीत चढतो. शेतात पांढरं दिसलं की हाच माणूस मातीचा नमुना तपासायला देतो, चर खोदतो, निचऱ्याचे पाइप टाकतो. घरात दिसलं की म्हणतो, “पेंटर, आणखी एक हात मारा की.”

दरवर्षी रंगवण्याची हौस नसलेल्या अरसिकांसाठी वेगळा मार्ग आहे. त्यांनी आधी पाणी कुठून येतं ते शोधावं. स्लॅबची भेग, मोरीचा पाइप, किंवा दर निवडणुकीला उंच होणारा रस्ता. (घर बिचारं होतं तेवढंच राहतं आणि अंगणातलं पाणी जोत्याला टेकतं.) ते बंद केल्यावर भिंत वाळू द्यावी. नऊ इंची भिंतीला महिने लागतात; हाताला कोरडी लागली म्हणून फसू नये. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीच्या हवेत. मग घरात वाळत घातलेले कपडे आधी बाहेर न्यावेत.

बुरशी कोरडी खरवडू नये, तिचे कण घरभर उडतात. खिडक्या उघडून, नाकाला फडकं आणि हातात मोजे घालून, ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्यावी. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडरही ब्लीचच आहे. तिच्यात संडासचं अ‍ॅसिड मात्र कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. इथे विनोद नाही. मग पोकळ वाजणारा गिलावा काढावा, नवा भरून पुरता वाळू द्यावा, आणि त्यानंतरच पुट्टी, प्रायमर, रंग. जुन्या दगडमातीच्या भिंतीला साधा चुनाच बरा. त्यातून भिंतीची ओल बाहेर पडते आणि बुरशीला चुना मानवत नाही. पाव्हणे नाक मुरडतील, मुरडू द्यावं.

राहिला प्रश्न शेडचा. त्यावर घरात आठवडाभर चर्चा करावी, शेडकार्ड उन्हात धरून पाहावं, सूनबाईंचं आणि सासूबाईंचं मत वेगवेगळं घ्यावं. नंतर पेंटरकडे मागच्या साइटवरचा अर्धा डबा उरलेला असतो, तो लागतो.