साध्या लॉजमधील मुक्कामाचे नियोजन : सातारा, सांगली व मिरज

सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत साधा लॉज बहुधा एस.टी. स्टँडच्या आसपास असतो. इमारत दोन किंवा तीन मजली, तळाला खानावळ किंवा मोबाइलचे दुकान, जिना अरुंद आणि जिन्याच्या तोंडाशी काउंटर. काउंटरमागे देवाची तसबीर, तिच्याखाली चाव्यांचा फळा. भिंतीवर तीन सूचना असतात: मद्यपानास सक्त मनाई आहे, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर नाही, गरम पाणी सकाळी 6 ते 8. पहिल्या दोन सूचनांविषयी काही सांगण्यासारखे नाही.

नियोजनाची सुरुवात महिन्यापासून करावी. साताऱ्यात एरवी खोली मिळण्याची अडचण नसते. लग्नाची दाट तिथी सोडली तर मॅनेजर दोन-तीन खोल्या दाखवून निवड करायला सांगतो. अडचण कासच्या हंगामात येते. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरचे हे फुलांचे पठार 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या शनिवार-रविवारी पुणे आणि मुंबई ही शहरे साताऱ्यात असतात. फुले बोटभर उंचीची आणि माणसे पूर्ण उंचीची असल्याने फोटोत माणसेच येतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी साताऱ्यात सख्खे नातेवाईक असावेत, निदान चुलत तरी.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून येथे एक नमुना प्रवासी घेतला आहे. वय पन्नाशीपुढे, वास्तव्य पुण्यात, मूळ गाव साताऱ्याकडचे पण तिकडे जाणे नाही, कंबर नाजूक, घोरणे मजबूत. नियोजनावर त्याची अढळ श्रद्धा असून त्यासाठी त्याने एक वही ठेवली आहे. वहीत ठरलेल्या गोष्टी निळ्या शाईत, अनिश्चित गोष्टी हिरव्या शाईत आणि धोके लाल शाईत लिहिले जातात. लाल पेनची रिफिल इतर दोन्हींच्या आधी संपते. घरातील इतर माणसे या वहीला हात लावत नाहीत. प्रवासी याचे कारण आदर असे समजतो.

पुण्याहून सातारा सुमारे 110 किलोमीटर आहे. स्वारगेटहून विनाथांबा एस.टी. सुटते. खंबाटकीला जाताना घाट आणि परतताना बोगदा अशी जुनी व्यवस्था आहे, म्हणून गाडी लागण्याचा त्रास असलेल्यांना सातारा सोडताना सातारा अधिक आवडतो. रेल्वेनेही जाता येते; पण स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून चांगलेच लांब असल्याने रेल्वेने आलेल्या प्रवाशाचा साताऱ्यातला पहिला खर्च रिक्षाचा होतो.

यानंतर खोलीचे आरक्षण. मोठ्या हॉटेलांचे आरक्षण संगणकावर होते. साध्या लॉजचे फोनवर होते, आणि त्याचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. प्रवासी तारीख सांगतो, माणसे सांगतो, खालचा मजला मागतो, कमोड आहे का ते विचारतो. पलीकडून “या की” असे उत्तर येते. “म्हणजे नक्की ना?” असे विचारल्यास “या की, हुतंय” असे येते. “लिहून घेतलंत ना?” याला “घेतलं की” हे उत्तर आहे. या तिन्ही उत्तरांत खोटे काहीच नसते. माणसाने यावे अशी इच्छा खरी असते, काहीतरी होईल हा विश्वास खरा असतो, आणि लिहूनही खरोखरच घेतलेले असते.

काय लिहिलेले असते हे शनिवारी रात्री साडेदहाला, सप्टेंबरच्या पावसात, काउंटरशी उभे राहिल्यावर कळते. नमुना प्रवाशासमोर उघडलेल्या रजिस्टरात एकाखाली एक चार ओळी होत्या आणि चारही ओळींत एकच मजकूर होता: “पुणे पार्टी, 1 रूम.” चारही पुणे पार्ट्या त्या वेळी काउंटरपुढे हजर होत्या. पहिला नमुना प्रवासी. दुसरे पाठीवर बॅगा घेतलेले एक तरुण जोडपे. तिसरे आजीसह आलेले पाच माणसांचे कुटुंब. चौथा तोफेएवढी लेन्स बाळगणारा एक छायाचित्रकार. खोल्या दोन शिल्लक होत्या. नमुना प्रवाशाने वही काढली आणि निळ्या शाईतील नोंद वाचून दाखवली: बुधवार, सकाळी 11.20, बोलणे अण्णांशी झाले.

“अण्णा म्हंजी दिवसाचं,” काउंटरवरचा मॅनेजर म्हणाला. “रातचा मी.”

या खुलाशानंतर वहीचा उपयोग संपतो. एक खोली आजींना मिळाली, आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. दुसरी छायाचित्रकाराला मिळाली, कारण त्याने पाचशे रुपये आगाऊ पाठवून मोबाइलवर पुरावा ठेवला होता. जोडप्याला शाहूपुरीतली मावसबहीण आठवली. राहिली ती पहिली पार्टी. वयाच्या पन्नाशीत, ओल्या बुटांत, आपण पुण्याहून तीन दिवस आधी फोन केलेला माणूस आहोत हे चौथ्यांदा सांगताना आवाज चढतो. तसा तो चढला. मॅनेजरने तो पूर्ण चढू दिला आणि मग विचारले, “गाव कंचं म्हणायचं?”

प्रवाशाने पुणे सांगितले.

“ते न्हवं. मूळ गाव.”

प्रवाशाने वाठार स्टेशनच्या पुढच्या एका गावाचे नाव घेतले.

“आवं, मग आधी न्हाई का सांगायचं! माझी थोरली भन वाठारात दिलीया.”

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत खरे आरक्षण या प्रश्नाने होते. तो फोनवर विचारला जात नाही, कारण शहरातून फोन करणाऱ्या माणसाला गाव नसावे असे गृहीत धरलेले असते. गाव लागले, की लॉजची रचनाच बदलते. मगाशी दोनच शिल्लक खोल्या असलेल्या त्या इमारतीला एक तिसरा मजला फुटला आणि तिथे एक हॉल निघाला.

हॉलची माहिती पुढीलप्रमाणे. लांबी भरपूर. एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या गाद्या, दुसऱ्या टोकाला स्टेज, स्टेजवर लाल मखमलीच्या दोन सिंहासनवजा खुर्च्या आणि मागच्या पडद्यावर थर्माकोलमध्ये कापलेली एका मुलाची आणि एका मुलीची नावे. पंखा स्टेजवरच असल्याने गादी तिथेच घालणे भाग होते. “सकाळी वाईच लवकर उठावं लागंल,” एवढे सांगून मॅनेजर खाली गेला. किती लवकर, ते प्रवाशाने हिरव्या शाईत टिपून ठेवले.

पाच वाजता मंडपवाले आले. त्यांनी निजलेल्या माणसाला न उठवता त्याच्याभोवती झेंडूच्या माळा सोडल्या. घोरण्याचा आवाज ऐकून त्यांतल्या एकाने जनरेटर चालू असल्याचे खाली कळवले. साडेपाचला आचारी आले. सहाला नवऱ्या मुलाकडच्या चार बायका आल्या आणि स्टेजवरच्या खुर्चीत टॉवेल पांघरून बसलेल्या गृहस्थांना पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. ते मुलीकडचे कुणी थोर मामा असावेत, असा त्यांचा समज झाला. हा समज दूर करण्याचे शौर्य त्या अवस्थेत कुणालाही शक्य नाही. त्यांनी चहा दिला, मामांनी घेतला. पोहे दिले, तेही घेतले. दरम्यान रात्रीचे कपडे सोडून बाकीचे सर्व कपडे ज्या बॅगेत होते, तिच्यावर कुणीतरी गाद्यांची नवी थप्पी रचली होती.

येथे गरम पाण्याच्या सूचनेकडे वळणे आवश्यक आहे. हे पाणी बहुतेक ठिकाणी गच्चीवरच्या सौर हीटरचे असते. सौर हीटरला ऊन लागते आणि कासची फुले पावसाळ्याच्या अखेरीस येतात. म्हणजे ज्या दिवसांत लॉज सर्वांत भरलेला, त्याच दिवसांत नळाचे पाणी सर्वांत गार. कास तलावातून शहराच्या काही भागाला पाणीपुरवठा होतो. तेव्हा नळ सोडणाऱ्या प्रवाशाच्या अंगावर कास निम्म्या तापमानाला येण्याचा संभव असतो. नमुना प्रवाशाने ओरडून रूमबॉयला बोलावले. बोलणे कडक झाले, आणि ते त्या मुलाशी व्हायला नको होते. तो रात्री दोनपर्यंत बॅगा वाहत होता. मुलगा काही न बोलता गेला आणि आचाऱ्याच्या चुलीवरची वाफाळती बादली दोन्ही हातांनी उचलून तीन जिने चढून आला. “काका, यवढं घ्या. आनिक तापतंय,” म्हणाला. त्यानंतर कडक बोलता आले नाही.

साडेनऊला कार्यक्रम सुरू झाला. बॅग मिळेपर्यंत प्रवासी स्टेजच्या कडेला उभा होता. निवेदकाने सर्व पाहुण्यांची नावे घेतली, एक गृहस्थ उरलेले पाहिले, मॅनेजरकडे चौकशी केली आणि माइकवर जाहीर केले: “वाठारहून खास या कार्यासाठी आलेल्या पाहुण्यांनी स्टेजवर येऊन टॉवेल-टोपीचा स्वीकार करावा.” स्वीकार झाला. टाळ्याही झाल्या. कास पठारावरचा प्रवेश सकाळच्या वेळेसाठी आगाऊ घेतलेला होता. निळ्या शाईत असूनही वाया गेलेली वहीतील ही दुसरी नोंद.

साताऱ्यातील पाहण्यासारख्या गोष्टी: अजिंक्यतारा, राजवाडा, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा. कंदी पेढे सोबत न्यावेत. ते परत येईपर्यंत उरत नाहीत.

काउंटरवर ओळखपत्राची प्रत द्यावी लागते आणि रजिस्टरात कोठून आलात, कोठे जाणार, कामाचे स्वरूप हे रकाने भरावे लागतात. मुसाफिरांवर सरकारी नजर ठेवण्याची ही रीत जुनी आहे; 1867 चा सराई कायदा तिच्या मुळाशी दिसतो. पाहुणा परदेशी असेल तर लॉजमालकाला चोवीस तासांत फॉर्म भरून कळवावे लागते. मिरजेला सतार किंवा तंबोरा घ्यायला आलेल्या परदेशी वादकांमुळे तिथल्या एखाद्या मॅनेजरला या फॉर्मची ओळख असते. साताऱ्यात तो फॉर्म आला, की आधी अण्णांना फोन जातो.

साताऱ्याहून कराडमार्गे सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सांगलीत फुले पाहायला कुणी येत नाही. हळदीचे व्यापारी येतात, बेदाण्याचे येतात, कोर्टाच्या तारखेला पक्षकार येतात. त्यामुळे इथल्या लॉजमध्ये शनिवार-रविवार रिकामे आणि मंगळवार भरलेले असू शकतात. पावसाळ्यात मात्र मजला विचारूनच खोली घ्यावी. आयर्विन पूल 1929 सालचा असून कृष्णेच्या पुराची मोजणी त्याच्यापाशी होते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि गावभाग, मारुती चौक पाण्याखाली होते. सांगलीकर हे आकडे नातवंडांच्या वाढदिवसांसारखे सांगतात. तळमजल्याची खोली स्वस्त का, हे जुलैत वेगळे विचारावे लागत नाही. नमुना प्रवाशाची कंबर लक्षात घेता त्याने तरीही तळमजलाच मागितला. मॅनेजर म्हणाला, “घ्या की. हलवतो की मग.”

पटवर्धनांनी उभारलेले गणपती मंदिर नदीकाठी आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवले. भडंग कागदाच्या पुडीत घ्यावे.

मिरज सांगलीपासून दहाएक किलोमीटर, आणि 1998 पासून कुपवाडसह एकाच महापालिकेत. पण तिथल्या लॉजचे नियोजन या लेखातील कुठल्याच नियमात बसत नाही. 1894 साली विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथे रुग्णालय काढले, पुढे दवाखान्यांचे गावच झाले. जतहून, सोलापूरकडून, सीमेपलीकडे विजापूर-बेळगावहून माणसे पेशंट घेऊन येतात. दवाखान्यांच्या गल्ल्यांतील साध्या लॉजमध्ये खोली घेणाऱ्याने आधी फोन केलेला नसतो, वही तर नसतेच. त्याच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट आणि पिशवीत दोन लुगडी असतात. “किती दिवस?” हा प्रश्न तिथे मॅनेजर विचारत नाही. भाडे रोजच्या रोज घेतो. गरम पाण्याची सूचना भिंतीवर तिथेही आहे. पण रात्री दीड वाजता थर्मास घेऊन खाली आलेल्या बाईला ती वाचून दाखवल्याचे कुणी पाहिलेले नाही. कानडी आणि मराठी यांचे मिळून होणारे त्या जिन्यावरचे बोलणे दोन्हीकडच्यांना समजते. नमुना प्रवाशाने मिरजेत वही उघडली नाही.

मुक्काम संपवताना वेळ पाहावी. जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. रात्री अकराला आलेला माणूस दुसऱ्या रात्री अकरापर्यंत खोलीचा मालक असतो. नव्या ठिकाणी दुपारी 12 ही सर्वांना सारखी वेळ असते, मग तुम्ही पहाटे चारला आला असलात तरी. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर 18 जुलै 2022 पूर्वी जीएसटी नव्हता. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला तो 5 टक्के आहे. बिल पक्के हवे की कच्चे, असे विचारले गेल्यास पक्के मागावे आणि मॅनेजरच्या चेहऱ्याकडे पाहू नये.

कासच्या हंगामात साताऱ्याला फोन करणाऱ्या वाचकांनी निदान पाचशे रुपये आगाऊ पाठवावेत, रजिस्टरात पूर्ण नाव लिहून घ्यावे, आणि पुण्याचा उल्लेख करण्याआधी आपले आजोळ, सासर किंवा पणजोबांचे गाव यांपैकी जे जवळचे असेल ते सांगून टाकावे.