काटाघर आणि पीडीबी

माझी सगळी नोकरी माजरीच्या काटाघरात झाली. ट्रक रिकामा खाणीत जाताना एक वजन, भरून बाहेर पडताना दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे कोळसा. भांडण व्हायचं ते या फरकावरूनच, आणि ट्रक काट्यावर उभा असेतोवर ते मिटायचंही. गाडी एकदा वणीच्या रस्त्याला लागली की कोणी म्हणे ताडपत्री ओली होती, कोणी म्हणे क्लीनर खाली उतरलाच नव्हता. मग वजनाची चिठ्ठी तेवढी खरी, बाकी सगळी कीर्तनं.

मुलगी घरून पायथनमध्ये काम करते. परवा तिच्याकडे एका वाहतूकदाराचा प्रोग्राम आला. पुण्याच्या एका मुलाने लिहिलेला. बिलात कोळसा उणे बावीस टन! म्हणजे ट्रकने खाणीतून काही नेलं नव्हतंच, उलट खाणीला दान देऊन गेला होता. लॉगमध्ये फक्त शेवटचा आकडा. का, कसा, पत्ता नाही.

"बाबा, फंक्शन संपलं का त्याच्या आतले लोकल व्हेरिएबल गेले. चालू असतानाच धरून विचारा लागते," ती म्हणाली. त्यासाठी तिने मधोमध 'ब्रेकपॉइंट' लिहिलं. ही सोय २०१८ च्या पायथन ३.७ पासूनची. प्रोग्राम तिथे थांबला आणि पीडीबी नावाचा डीबगर उभा राहिला. आता काहीही लिहा. उत्तर त्याच जागेवरचे आकडे घेऊन येणार. मला हे फार पटलं. आमच्याकडच्या चौकशा नेहमी शिफ्ट संपल्यावर बसतात.

पण पुण्याच्या मुलाने व्हेरिएबलांची नावं ठेवली होती ए, बी आणि सी. (गाडीच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायला जागा असते, इथे एका अक्षरापुढे हात चालेना.) मुलीने 'ए' विचारलं, पीडीबीने फंक्शनला दिलेला गाडीचा नंबर सांगितला. 'बी' विचारलं, मौन. 'सी' विचारलं मात्र, आणि प्रोग्राम माजरीवर न थांबणाऱ्या सुपरफास्टसारखा धडधडत निघून गेला. पीडीबीच्या लेखी ए, बी, सी हे त्याचे स्वतःचे हुकूम आहेत, आणि सी म्हणजे 'चल पुढे'. किंमत हवी तर आधी 'पी' लावायचं. साहेबाला नावाने हाक मारायची नाही, तसंच.

दुसऱ्या खेपेला रीतसर विचारलं. ए ११,९४०. बी ३४,६२०. सी उणे २२,६८०. मुलीने तिथेच एक ओळ लिहून सी उलटा केला. बिल सरळ आलं. चालत्या कामात हात घालून आकडा बदलता येतो हे बघून काटाघरातल्या माणसाच्या अंगावर काटाच येतो! पूर्वी असे बदल कधीकधी पुसलेही जायचे. २०२४ च्या ३.१३ पासून फ्रेममधले लोकल थेट बदलता येऊ लागले. "पण हे याच गाडीपुरतं. पुढची आली का पुन्हा उणे," ती म्हणाली.

तिने मला धीर द्यायला नासाचं सांगितलं. १९९९ मध्ये 'डीप स्पेस १' यानावरचा लिस्पमधला प्रोग्राम अडकला, तेव्हा कोट्यवधी मैलांवरून त्याच्याशी असाच सवाल-जवाब करून चूक शोधली. आपल्याला तर पुण्यालाच फोन करायचा होता.

कारण आकडे बघताच माझं निदान झालं होतं. ए म्हणजे पहिलं वजन, बी म्हणजे दुसरं, आणि त्याने पहिल्यातून दुसरं वजा केलं होतं. धान्याच्या बाजारात ते बरोबर. तिथे गाडी भरून येते, रिकामी जाते.

मुलगा फोनवर म्हणाला, "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय, लॉग पाठवा." मुलीने फोन माझ्या हातात दिला.

"बाळा," मी म्हटलं, "खाणीत ट्रक रिकामा येते, भरून जाते."

"असं कसं काका? रिकामा ट्रक एवढ्या लांब कशाला येईल?"